शेवटच्या रिळाआधी

१२ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालत नाही. कंबर दुखतेय, आणि इच्छाही नाही.

तुझं सदर वाचलं. म्हणजे वाचावं लागलं नाही, निर्मात्याने मला ऑफिसात बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर विचारलं, "ही बाई कोण? आपण हिचं काय वाकडं केलंय?" मी म्हणालो, माहीत नाही. सख्खी बहीण आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार?

बाकीच्यांनी झोडपलं त्याचं काही नाही. ते त्यांचं पोट आहे. पण तू? "हा पिक्चर एका ओळीच्या इतिहासावर आणि धूर सोडायच्या यंत्रावर उभा आहे." बरं. "सैनिकांच्या मनगटांवर घड्याळाचे पांढरे पट्टे दिसतात, त्यामुळे सगळे वेळेवर मरतात." हेही बरं, मी स्वतः हसलो. "शेवटी म्हाताऱ्या द्वारपालाचा मुलगा घोडा फेकत येतो आणि सिनेमातल्या तमाम मुलांप्रमाणे उशिरा पोचतो. वेळेवर निघाला असता, तर बिचाऱ्या घोड्याला एवढं पळवावं लागलं नसतं." यावर निर्माता इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पैसे त्याचे बुडतायत आणि हसतोय माझ्यावर.

हो, इतिहास एकाच ओळीचा आहे. जुन्या कागदात एवढंच लिहिलंय: "दाराशी एक म्हातारा होता. त्याने दार उघडले नाही." पुढचं सगळं मी रचलं. ऐतिहासिक म्हणवणारे सगळे हेच करतात. खुंटी इतिहासाची असते, सदरा आपला. तुला वाटतं तसं मी खुर्चीत बसून इतिहासाचा खून केला नाही, त्याला वाचवायलाच माझा जीव गेला. निर्मात्याने पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "हा म्हातारा जरा तरुण घेता येईल का?" इतिहासाचे सल्लागार म्हणून एक प्राध्यापक आणले, तेही शूटिंग संपल्यावर. त्यांचा पहिला प्रश्न मानधनाचा होता. दुसरा, "किल्ला कुठला म्हणालात?"

पण एक वाक्य मला लागलं, ते सांगतो. किल्ल्यातली पोरं दाराच्या फटीतून बाहेरची लढाई बघायला जमतात, तेव्हा म्हातारा त्यांना हाकलतो: "तिकडे काही नाही बघायला. संपलं. घरी जा." त्यावर तू लिहिलंस, "असं कोणी बोलत नाही. हे वाक्य कागदी आहे." यावर मी आज काही लिहीत नाही. तू जरा आठव.

आता काम. आमच्या पिक्चरची पेटी मार्चमध्ये, अप्पांनी जन्मभर मशीन चालवलं त्या थिएटरला लागेल. ते थिएटर कायमच उरलंसुरलं खातं. अप्पांना घेऊन जा आणि ते काय म्हणतात ते मला कळव. तुझ्याकडे मी कित्येक वर्षांत काही मागितलेलं नाही.

फोन करणार नाही. फोन अप्पांच्या उशाशी असतो, आणि कुजबुजत भांडण आपल्याला जमत नाही.

टिल्लू

२० जानेवारी

टिल्लू,

कंबरेला शेक दे. इच्छेला औषध नाही.

भाऊ दूधवाला असला म्हणून नासकं दूध गोड लागत नाही. मी जे पाहिलं ते लिहिलं. नाव न घेता लिहिलं, हे उपकार समज. आणि तुझी ती खुंटी आणि सदरा. सदरा आपला असेल तर निदान धुतलेला तरी असावा. दरवेळी तोच मळका सदरा: कोणीतरी मरतं. मरतं तेही निवांत. आमचा दंतवैद्य यापेक्षा लवकर मोकळं करतो. तुझ्या पहिल्या पिक्चरमध्ये आई मेली, दुसऱ्यात आजी, तिसऱ्यात तर घोडा. पडद्यावर कोणी खोकलं की मी रुमाल नाही, घड्याळ काढते.

याच म्हाताऱ्यावर पूर्वी एक पिक्चर येऊन गेलाय, विसरलास? काळा-पांढरा. अप्पांच्या केबिनमध्ये रिळांच्या डब्यांवर बसून, त्या वितीएवढ्या खिडकीतून आपण दोघांनी पाहिला होता. म्हातारा रात्रभर दार अडवून बसतो, पहाट होते, शत्रू निघून जातो. म्हातारा कंदील विझवतो आणि घराकडे चालायला लागतो. संपला. त्या लोकांना शेवट करता येत होता रे. मी गेली वीस वर्षं सदरात हेच लिहीत आलेय: जुना सिनेमा माणसाला घरापर्यंत सोडायला यायचा. तुमचा सिनेमा माणसाला स्मशानात सोडून स्वतः घरी जातो.

"आठव" म्हणे. मी काय आठवू? मला कोड्यात बोलणारी माणसं आवडत नाहीत, त्यातून ती नात्यातली असली तर मुळीच नाही.

अप्पांना आणणं जमायचं नाही. त्यांना खोकला आहे. शिवाय आमची लिफ्ट बंद आहे. खाली पाटी लावलीय, "गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया दुसरी लिफ्ट वापरावी." दुसरी लिफ्ट या इमारतीत कधीच नव्हती. मी सेक्रेटरीला विचारलं तर म्हणाला, "पाटी तयार मिळते हो, आपण कुठे बदलणार?" आणि आमचा नवा वॉचमन. मंगळवारी आणि शुक्रवारी अप्पा बाहेरून येताना दिसले की दरवेळी वही पुढे करून विचारतो, "कोणाकडे जायचंय?" परवा मी कुलूप काढायला पुढे वर आले होते, तर अप्पा त्याला म्हणाले, "माझ्याकडेच. असतील का घरी?" त्याने वर फोन लावून मला विचारलं.

तेव्हा पिक्चरबिक्चर राहू दे. बाकी ठीक.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

आता सांगतोच. त्या काळ्या-पांढऱ्या पिक्चरच्या शेवटी म्हातारा मरतो. घराकडे चालायला लागतो तिथे पिक्चर संपत नाही, तिथे रीळ संपतं. त्यापुढे आणखी एक रीळ आहे. तो वेशीपर्यंत पोचतो आणि तिथेच बसतो. पुन्हा उठत नाही. गावातली माणसं एकेक करून येऊन उभी राहतात. मी होस्टेलला असताना आमच्या कॉलेजात लावला होता. मी आपला कंदील विझताच उठलो, तर मागची पोरं ओरडली, "अरे बस, अजून आहे." बसलो. आणि शेवट झाल्यावर तिथेच, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडलो. म्हातारा मेला म्हणून नाही.

आता तरी आठवतंय का? पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. रीळ संपत आलं, दुसरं मशीन सुरू करा, एवढीच त्याची खूण. लोकांच्या तो कधी लक्षातही यायचा नाही. शेवटच्या रिळाआधीचा ठिपका आला की अप्पा दुसरं मशीन चालू करायचे आणि तोंड न वळवता आपल्याला सांगायचे, "संपला. काही नाही आता बघायला. घरी जा." कागदी वाक्य! अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढं एकच वाक्य मी लिहिलेलं नाही. तू सैनिकाच्या मनगटावरचा घड्याळाचा पट्टा ओळखलास आणि बाप ओळखला नाहीस.

तू एकदा विचारलंही होतंस, "मग ही माणसं अजून का बसलीत?" अप्पा म्हणाले, "त्यांना घरी काम नसतं." तुझं ते वीस वर्षांचं तत्त्वज्ञान, घरापर्यंत सोडायला येणारा सिनेमा, ते सगळं अप्पांनी आपल्याला जिन्याकडे ढकललं त्यातून आलंय. जुन्या काळी माणसं काही कमी मरत नव्हती. तू घरी गेलेली असायचीस.

पिक्चरचं मी माफ केलं असतं. पण आईच्या वेळीही त्यांनी तेच केलं. "आई बरी होतेय, चार दिवस आत्याकडे राहा." मी नऊ वर्षांचा होतो. आत्याकडे खेळत होतो, खिदळत होतो. परत आलो तर आईची गादी गुंडाळून माळ्यावर टाकलेली. सगळं उरकलं होतं. मला कोणी विचारलं का? म्हणून माझ्या पिक्चरमध्ये माणसं मरतात, आणि निवांत मरतात. मला जे दाखवलं नाही ते मी दाखवतो. तुला घड्याळ बघायचं असेल तर खुशाल बघ.

अप्पांनी हा शेवट बघायलाच हवा. खुर्चीत बसून, पूर्ण. म्हणून पाठवतोय मी त्यांना. समजलं?

टिल्लू

७ फेब्रुवारी

खोटं आहे. मी तो कंदील माझ्या डोळ्यांनी विझताना पाहिलाय.

आणि आईला यात आणायचं नाही. मी चौदा वर्षांची होते. तू आत्याकडे खेळत होतास तेव्हा मी काय करत होते, हे तू आजवर विचारलेलं नाहीस. यापुढेही विचारू नकोस, आणि पत्रही पाठवू नकोस.

५ मार्च

टिल्लू,

जुने पिक्चर जपून ठेवणारी एक संस्था आहे, तिथे जाऊन आले. तिथल्या कारकुनाने तीन हेलपाटे घालायला लावले. आधी म्हणाला अर्ज करा, मग म्हणाला अर्ज जुन्या नमुन्यात आहे, मग म्हणाला नवा नमुना अजून छापून यायचाय. शेवटी त्याने माझं सदर वाचलेलं निघालं. म्हणाला, "तुमच्यामुळेच मी जुने पिक्चर बघायला लागलो. फक्त त्यांचे शेवट तुम्ही लिहिता तसे नसतात." एवढी वर्षं हे मला एकाही वाचकाने कळवलं नाही. वाचक आहेत की नाहीत, अशी आता शंका येते.

म्हातारा मरतो. झालं समाधान?

त्या अंधाऱ्या खोलीत मी एकटीच होते. ठिपका दिसला आणि माझे पाय आपोआप उठले. मग पुन्हा बसले. पुढचं सगळं पाहिलं. चांगलं आहे. तुझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि तुझ्यापेक्षा कितीतरी लवकर संपतं. हे मी सदरात लिहिणार आहे, माझ्या चुकीसकट. म्हणजे तुला फुशारकी मारायची संधी मिळायला नको.

पण म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. दोन पोरांना रडू येऊ नये म्हणून एक माणूस त्यांना वेळेवर घरी पाठवतो, यात राग येण्यासारखं काय आहे? तू त्यावर कारकीर्द उभी केलीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तुझा तर सुंभही अजून शाबूत आहे.

अप्पा बरे आहेत. लिफ्ट अजून बंदच. पिक्चरचं जमणार नाही असं दिसतंय.

ताई

११ मार्च

ताई,

फुशारकी मारत नाही. एकच प्रश्न विचारतो, त्याचं सरळ उत्तर दे.

लिफ्ट बंद आहे, अप्पांना जिना उतरवत नाही, म्हणून पिक्चरला नेता येत नाही. ठीक. मग मंगळवारी आणि शुक्रवारी ते बाहेरून कुठून येतात? वॉचमन त्यांना दरवेळी अडवतो म्हणजे ते दरवेळी जातात. एवढे जिने उतरून आठवड्यातून दोनदा कुठे जातात? आणि हा कसला खोकला, जो जानेवारीपासून मार्चपर्यंत पुरतो?

पटकथेतली अशी चूक मी नवशिक्यालाही सोडत नाही. तू तर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतेस. विनोद पुढे करून मागे काहीतरी लपवायचं ही आपल्या घरची जुनी सवय आहे, मला शिकवू नकोस.

काय चाललंय तिथे?

टिल्लू

१९ मार्च

टिल्लू,

काल अप्पांना तुझ्या पिक्चरला नेलं. म्हणजे त्यांनीच मला नेलं. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, "पोराची पेटी लागलीय, मला कळत नाही असं वाटलं का तुला?" शेजारच्यांनी खुर्ची दिली. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवायची, अप्पांनी बसायचं, मी धापा टाकायच्या. खाली वॉचमनने विचारलं, "कुठे जायचंय?" अप्पा म्हणाले, "कामावर."

थिएटरात सगळे ओळखतात अजून. नवा ऑपरेटर पाया पडला. वर केबिनमध्ये चला म्हणाला, पण वरचा जिना त्यांना झेपला नसता. मग खाली खुर्चीत बसले. मला म्हणाले, "या थिएटरात सबंध जन्म गेला, पण खुर्चीत आज पहिल्यांदा बसतोय. बरी आहे की." मग पडदा उजळला आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर मागे वळून केबिनच्या खिडकीकडे बघितलं. म्हणाले, "फोकस हलतोय." खरंच हलत होता.

तुझ्या पिक्चरभर ते काही बोलले नाहीत. म्हातारा पोरांना हाकलतो ते वाक्य आलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. हसत होते. एवढंच म्हणाले, "मी इतका घोगरा बोलत नाही."

आणि मग तो ठिपका आला. कोपऱ्यात, क्षणभर. अप्पांनी माझ्या मनगटाला धरलं आणि उठले. "संपला. चल घरी."

मी म्हटलं, "अप्पा, अजून आहे. टिल्लूने मुद्दाम सांगितलंय, शेवट बघायचाच."

"संपला म्हटलं ना."

लोकांच्या पायांवरून, शिव्या खात, आम्ही बाहेर आलो. बाहेरच्या बाकावर बसले, दम खाल्ला. मला राग आला होता. मी म्हणाले, "एवढी वर्षं आम्हाला उठवलंत ते उठवलंत, आता तरी का? तो तिथे वाट बघत बसलाय."

तर म्हणाले, "शेवटी तो मला मारतो. मला कळत नाही का? मी काय त्याला घाबरतो? पण ते तू माझ्या शेजारी बसून कशाला बघायचं?"

मी म्हटलं, मी आधीच बघितलाय, त्यावर लिहिलंही आहे.

"तेव्हा मी शेजारी नव्हतो," म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या आईचं शेवटचं मी बघितलं. एकट्याने. एकाने बघितलं की पुरतं गं. सगळ्यांनी कशाला बघायचं?"

टिल्लू, तुझ्यावर मी कितीतरी वर्षं चिडलेली आहे आणि आजही आहे. तू निघून गेलास, आणि मागे राहून मी यांची वाक्यं रोज ऐकली, म्हणून ती मला ऐकू येईनाशी झाली. तुला दूर राहून ऐकू आली. याचाही मला राग येतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही हॉस्पिटलात जातो. छातीत गाठ आहे. दिवाणखान्यात बसून मी तुला लिफ्टचे विनोद लिहीत होते तेव्हाही होती. डॉक्टर आता या महिन्याच्या पुढचं काही बोलत नाहीत. अप्पांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "टिल्लूला कळवू नकोस. त्याचं काम चालू असेल. सगळं झालं की कळव." आणि मी हो म्हणाले. मी त्यांचीच मुलगी.

पण काल बाकावर त्यांनी माझं मनगट सोडलंच नव्हतं, आणि मला आत्याचं घर आठवलं. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा तू अंगणात खेळत होतास. मला आत्याने आत बोलावून सांगितलं, आणि म्हणाली, "त्याला घरी गेल्यावर कळेल, तू त्याला खेळव." मी तुला खेळवलं. दोन दिवस. तुझ्याशी हसले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पुन्हा माझ्याच्याने ते व्हायचं नाही.

मी अप्पांचा शब्द मोडतेय. संपलेलं नाही. ये.

फोन करू नकोस, तो त्यांच्या उशाशी आहे. नुसता ये.

ताई

२३ मार्च

ताई,

तुझं पत्र आत्ता मिळालं. तासाभरात गाडी आहे. हे पत्र पोचेल तेव्हा मी तिथे असेन, आणि बहुतेक तुझ्याशी भांडत असेन. तरी लिहितोय, कारण हे मला तोंडाने बोलता येणार नाही.

जानेवारीपासून तू मला लिफ्टची पाटी वाचायला लावलीस. याबद्दल मी तुला माफ करणार नाही. आत्याच्या अंगणाबद्दल मात्र तुला माफी मागायची गरज नाही. त्या दोन दिवसांत तू मला झाडावर चढायला शिकवलं होतंस. मला वाटायचं, तुलाही तेव्हा काही माहीत नव्हतं.

अप्पांनी शेवट बघितला नाही ते बरंच झालं. तो चुकीचा आहे. जुन्या कागदात म्हातारा आहे, दार आहे, मुलगा कुठेच नाही. तो मी घातला. आणि घातला तो घातला, वर उशिरा आणला. कागद माझा, पेन माझं, घोडाही भाड्याचा. वेळेवर आणायला मला कोणी अडवलं होतं? निर्माता तर हात जोडून सांगत होता, "पोरगा जरा आधी पोचू दे, लोकांना बरं वाटेल." मी त्याला इतिहासावर भाषण दिलं.

घोड्याबद्दल तू लिहिलंस ते बरोबर होतं.

निघतोय. वॉचमनने वही पुढे केली तरी थांबणार नाही.

टिल्लू